डॉ. विल्यम ओशॉनेसी : गांजाचा अर्क, आकडी येणारे बाळ आणि टीएचसी-सीबीडीमधला फरक

लहान मुलाला वारंवार आकडी येते, दोन-तीन औषधे चालू असूनही थांबत नाही, आणि मग कोणीतरी नातेवाईक मोबाइलवर सीबीडी तेलाची माहिती पाठवतो. हे देऊन पाहू का, असा प्रश्न आई-वडील आम्हाला हल्ली बऱ्याचदा विचारतात. काहींना ते गांजाच वाटते आणि भीती वाटते. काहींना ते निव्वळ वनस्पतीजन्य, म्हणून निर्धोक वाटते. दोन्ही समज अपुरे आहेत.

हा प्रश्न नवा नाही. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोलकात्यात एका तरुण आयरिश डॉक्टरासमोर तो उभा राहिला होता. त्यांचे नाव डॉ. विल्यम ब्रूक ओशॉनेसी. त्यांचे आयुष्य समजून घेतले की टीएचसी आणि सीबीडी या दोन घटकांतला फरकही सोपा होतो.

पटकीची साथ आणि मिठाचे पाणी

ओशॉनेसी यांचा जन्म १८०८-०९ च्या सुमारास आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८२९ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, ते एम. डी. झाले. पुढे ते लंडनला गेले, पण तिथल्या नियमांमुळे त्यांना रुग्ण तपासण्याचा परवाना मिळाला नाही. मग त्यांनी रासायनिक तपासण्या करण्याचे काम धरले. रुग्णाकडे रसायनशास्त्राच्या नजरेने पाहण्याची सवय त्यांना इथेच लागली.

१८३१ च्या अखेरीस इंग्लंडमधील संडरलँड गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. ओशॉनेसी तिथे गेले आणि त्यांनी रुग्णांचे रक्त तपासले. रक्त घट्ट झाले होते. त्यातले पाणी आणि क्षार कमी झाले होते आणि तेच क्षार जुलाबांत सापडत होते. शरीरातून जे गेले ते परत भरून द्यावे, प्रसंगी शिरेतून द्यावे, असे त्यांनी सुचवले. काही महिन्यांतच, १८३२ मध्ये, स्कॉटलंडमधील डॉ. थॉमस लाट्टा यांनी हे प्रत्यक्षात केले आणि मरणपंथाला लागलेले काही रुग्ण उठून बसले. आज जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्या रुग्णाला सलाईन लावतात, त्या उपचाराच्या मुळाशी हे काम आहे. त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांनी मात्र ते उचलून धरले नाही. उलट रक्त काढणे आणि जुलाब देणे चालूच राहिले.

कोलकात्यात आगमन

१८३३ मध्ये ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीचे साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून बंगालमध्ये आले. १८३५ मध्ये कोलकात्यात मेडिकल कॉलेज सुरू झाले. तिथे ते रसायनशास्त्र आणि औषधीद्रव्ये शिकवू लागले. औषधे इंग्लंडहून जहाजाने येत. ती महाग पडत आणि प्रवासात खराब होत. बाजारात मिळणाऱ्या इथल्या वनौषधींतून काय उपयोगी पडेल, हे ते शोधू लागले.

त्यांचे लक्ष गेले भांगेच्या झाडाकडे. इंग्रजीत त्याला हेम्प म्हणतात. आपल्याकडे दोरखंडासाठी लावतात तो ताग किंवा अंबाडी म्हणजे हे झाड नव्हे, ती वेगळी पिके आहेत. भांगेच्या झाडाची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्यांवरचा चिकट डिंकासारखा राळेचा थर म्हणजे चरस. आयुर्वेदातले त्याचे एक नाव विजया. ओशॉनेसी यांनी इथल्या पंडितांना आणि हकिमांना विचारले, जुन्या ग्रंथांतली माहिती जमवली. कोलकात्यात शवविच्छेदन करणारे सुप्रसिद्ध पंडित मधुसूदन गुप्त हे त्यांच्या या मदतनीसांपैकी एक होते.

आधी प्राणी, मग माणूस

ऐकीव माहितीवर थेट रुग्णाला औषध द्यायचे नाही, ही त्यांची पद्धत त्या काळात विरळ होती. त्यांनी आधी प्राण्यांना अर्क देऊन पाहिला. मध्यम चणीच्या एका कुत्र्याला थोडा चरस दिला. अर्ध्या तासात तो सुस्तावला, पेंगू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला आणि अन्न दिसताच हावरटासारखा खाऊ लागला. साधारण सहा तासांत तो पूर्ववत झाला. मांसाहारी प्राण्यांवर परिणाम ठळक दिसला, तर घोडा, शेळी, गाय अशा शाकाहारी प्राण्यांवर फारच थोडा.

मग त्यांनी रुग्णांना अर्क दिला. संधिवाताच्या रुग्णांचे दुखणे हलके झाले आणि त्यांना झोप लागली. त्यांपैकी एक रुग्ण मात्र बराच वेळ विचित्र अवस्थेत गेला. त्याचा हात जसा ठेवावा तसाच राहायचा. तो नंतर सुखरूप शुद्धीवर आला, पण ओशॉनेसी यांनी तेव्हापासून डोस कमी केला. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या एका रुग्णाला ते वाचवू शकले नाहीत. पण पाण्याच्या घोटानेही ज्याचा घसा आवळायचा, त्याला अर्कानंतर पातळ पदार्थ आणि थोडा भात गिळता आला. असाध्य रोगातही यातना कमी करणे हे डॉक्टरचे काम आहे, ही जाणीव त्यांच्या नोंदीत दिसते. धनुर्वाताच्या रुग्णांतही स्नायूंचे आखडणे सैल झाल्याचे त्यांनी नोंदवले. हे सारे त्यांनी १८३९ मध्ये कोलकात्यातील विद्वत्सभेपुढे मांडले.

चाळीस दिवसांचे बाळ

त्याच वर्षी त्यांच्याकडे सुमारे चाळीस दिवसांची एक मुलगी आली. तिला एकामागून एक आकड्या येत होत्या. त्या काळचे सर्व उपाय झाले होते. जळवा लावल्या होत्या, जुलाब दिले होते, कोमट पाण्याने न्हाऊ घातले होते, अफूही देऊन झाली होती. बाळ दूध ओढेना आणि झिजत चालले होते. आई-वडिलांची संमती घेऊन ओशॉनेसी यांनी अर्काचा एक थेंब बाळाच्या जिभेवर ठेवला.

बाळ झोपले आणि काही काळ आकड्या थांबल्या. पण त्या परत आल्या. डोस वाढवावा लागला, पुन्हा वाढवावा लागला. पुढे नव्याने तयार केलेला अर्क वापरला, तेव्हा तो इतका जोरदार निघाला की बाळ गाढ गुंगीत गेले आणि सर्वांच्याच जिवाला घोर लागला. सुदैवाने ते सावरले. आकड्या थांबल्या आणि मूल बाळसे धरू लागले, अशी नोंद त्यांनी केली.

त्यांना एक गोष्ट खटकली. साठ दिवसांच्या त्या बाळाला परिणामासाठी १३० थेंब लागले होते, तर अर्क घेऊन पाहणाऱ्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याला १० थेंबांतच नशा चढली होती. तान्हे बाळ आणि जवान मुलगा यांच्यात असा उलटा फरक कसा? हे कोडे त्यांनी लपवले नाही, लिहून ठेवले.

बाटलीत नेमके काय होते?

त्या कोड्यातला एक भाग आज उलगडतो. भांगेच्या झाडात शंभराहून अधिक एकाच कुळातली रसायने असतात. त्यांना कॅनाबिनॉइड म्हणतात. त्यांपैकी दोन मुख्य आहेत : टीएचसी आणि सीबीडी. झाडाचा वाण, हवामान, अर्क काढण्याची रीत आणि साठवणुकीचा काळ यांनुसार प्रत्येक बाटलीतले प्रमाण बदलते. जुन्या अर्कात टीएचसीचा जोर हळूहळू ओसरतो. म्हणजे थेंब मोजले, तरी औषध मोजले जात नव्हते.

टीएचसी आणि सीबीडी दोघांचे रासायनिक सूत्र एकच आहे. अणूंची संख्या तितकीच, फक्त मांडणी थोडी वेगळी. एवढ्याशा फरकाने शरीरातले वागणे मात्र बदलते.

आपल्या मेंदूतील पेशींवर सीबी-१ नावाचे ग्राहक असतात. ग्राहक म्हणजे कुलूप समजा. शरीर स्वतःच त्याची किल्ली बनवते. अशा पहिल्या सापडलेल्या नैसर्गिक किल्लीला शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये आनंदमाइड असे नाव दिले, आपल्या आनंद या शब्दावरून.

टीएचसी या कुलपात बसते आणि ते उघडते. हे ग्राहक स्मरणशक्ती, तोल, भूक, वेदना आणि वेळेचे भान सांभाळणाऱ्या भागांत दाटीने असतात. म्हणून नशा चढते, हसू आवरत नाही, भूक खवळते, बोललेले विसरायला होते, तोंड कोरडे पडते, डोळे लाल होतात आणि नाडी जलद होते. ओशॉनेसी यांच्या कुत्र्याने झोकांड्या खाल्ल्या आणि हावऱ्यासारखे खाल्ले, ती टीएचसीची करामत. डोस जास्त झाला तर घबराट, संशय, भास होऊ शकतात. कोवळ्या वयात नियमित सेवन केल्यास गंभीर मानसिक आजाराचा धोका वाढतो, आणि घरात असा आजार असेल तर अधिकच. सवयही लागू शकते.

सीबीडी या कुलपात नीट बसत नाही, त्यामुळे ते उघडत नाही. म्हणून सीबीडीने नशा होत नाही आणि त्याचे व्यसन लागल्याचे दिसलेले नाही. ते पेशींवरच्या दुसऱ्या काही ग्राहकांवर आणि रसायनांवर काम करते. चेतापेशींतील कॅल्शियमची ये-जा आणि अॅडेनोसिन या शांत करणाऱ्या द्रव्याचे प्रमाण त्याने बदलते. भडकलेल्या पेशी एकाच वेळी पेटून उठण्याचे प्रमाण त्यामुळे कमी होत असावे, असे मानले जाते.

पण नशा होत नाही म्हणजे शरीरावर परिणाम होत नाही, असे नव्हे. सीबीडीने झोप येते, जुलाब होतात, भूक मंदावते. यकृतावर ताण येऊन एसजीओटी, एसजीपीटी वाढू शकतात. यकृतात इतर औषधे पचवणाऱ्या यंत्रणेलाही ते अडवते.

कोलकात्यातल्या बाळाची गुंगी टीएचसीकडे बोट दाखवते. तिच्या आकड्या थांबण्याचे श्रेय एका घटकाला देता येत नाही. एका रुग्णावरून तसा निष्कर्ष काढणे शास्त्रशुद्धही नाही.

इंग्लंडमध्ये गाजलेला अर्क

१८४० च्या दशकाच्या सुरुवातीला ओशॉनेसी इंग्लंडला परतले, ते भांगेच्या झाडाचे नमुने आणि राळ घेऊनच. लंडनमधील पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्यापासून अर्क तयार केला आणि तो दुकानांत विकला जाऊ लागला. १८४३ मध्ये ओशॉनेसी यांचे लेखन इंग्लंडमध्येही प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

डोकेदुखी, पाळीच्या वेदना, निद्रानाश, आकडी अशा अनेक तक्रारींवर पाश्चात्त्य डॉक्टर हा अर्क देऊ लागले. पण कोलकात्यातली अडचण तिथेही आली. एका बाटलीने काहीच होत नसे, दुसरीने रुग्ण बेभान होई. मॉर्फीन आणि पुढे अॅस्पिरीनसारखी मोजून देता येणारी औषधे आली, तसा हा अर्क मागे पडला. नशेविरुद्धचे कायदेही कडक झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो ब्रिटन आणि अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचींतून बाहेर गेला.

डॉक्टर तारायंत्राकडे वळतात

ओशॉनेसी स्वतः १८४४ मध्ये भारतात परतले, आणि पुढे त्यांचे आयुष्य वेगळ्याच वाटेला लागले. विजेचे प्रयोग त्यांनी १८३९ मध्येच सुरू केले होते. १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर ही तारेची लाइन चालू झाली. लॉर्ड डलहौसी यांनी त्यांना तारखात्याचे प्रमुख केले. १८५४ च्या मार्चमध्ये कोलकाता-आग्रा तार जोडली गेली आणि वर्षभरात मुंबई व मद्रासपर्यंत संदेश जाऊ लागले. मुंबईच्या माणसाला कोलकात्याची बातमी काही तासांत कळू लागली, त्यामागे हाच भांगेचा अर्क तपासणारा डॉक्टर होता. १८५६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

१८६० च्या सुमारास ते इंग्लंडला परतले. तिथे त्यांनी आडनाव बदलून ब्रूक केले आणि सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले. जानेवारी १८८९ मध्ये साउथसी येथे त्यांचे निधन झाले. सलाईन, भांगेचा अर्क आणि तार या तिन्ही कामांत मोजमाप आणि नोंद हा समान धागा होता. त्यांच्या हाती एकच गोष्ट नव्हती : अर्कातले घटक वेगळे करण्याचे साधन.

घटक वेगळे झाले

ते साधन पुढच्या शतकात आले. १९४० मध्ये अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ रॉजर अॅडम्स यांनी सीबीडी वेगळे काढले. १९६३ मध्ये इस्रायलमधील राफाएल मेशुलाम यांच्या गटाने त्याची नेमकी रचना उलगडली, आणि १९६४ मध्ये टीएचसी शुद्ध स्वरूपात मिळवले. ब्राझीलमधील डॉक्टरांबरोबर त्यांनी १९८० मध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या ८ रुग्णांना सीबीडी दिले, त्यांपैकी ४ जणांच्या आकड्या जवळजवळ थांबल्या.

मोठी चाचणी २०१७ मध्ये आली. ड्रावे सिंड्रोम नावाचा, लहानपणी सुरू होणारा आणि औषधांना न जुमानणारा अपस्मार असलेल्या १२० मुलांवर ती झाली. सीबीडी घेणाऱ्या गटात महिन्याला येणाऱ्या मोठ्या आकड्यांचा मध्यांक १२.४ वरून ५.९ वर आला. औषध नसलेले द्रावण घेणाऱ्या गटात तो १४.९ वरून १४.१ झाला. २०१८ मध्ये अमेरिकेत शुद्ध सीबीडीच्या द्रावणाला औषध म्हणून मान्यता मिळाली. आज तिथे ते तीन विशिष्ट आजारांतील आकड्यांसाठी वापरतात : ड्रावे सिंड्रोम, लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोम आणि ट्यूबरस स्क्लेरोसिस. सर्व प्रकारच्या अपस्मारांसाठी नाही.

टीएचसीचाही औषध म्हणून उपयोग आहे. त्याची कृत्रिम आवृत्ती केमोथेरपीनंतरच्या उलट्यांसाठी अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहे. म्हणजे एक चांगले आणि दुसरे वाईट असा हा प्रश्न नाही. कोणता घटक, किती, कोणाला आणि कशासाठी, असा तो आहे.

रुग्ण आणि नातेवाईकांनी काय लक्षात ठेवावे?

• लेबलवर विसंबू नका. अमेरिकेत ऑनलाइन मिळणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी फक्त २६ मध्ये लिहिल्याइतके सीबीडी होते, आणि १८ मध्ये टीएचसी आढळले. ओशॉनेसींच्या बाटलीची अडचण अजून संपलेली नाही.

• हेम्प बियांचे तेल आणि सीबीडी तेल वेगळे आहे. बियांत सीबीडी नगण्य असते. ते खाद्यतेल आहे, आकडीचे औषध नव्हे. विजया नावाने मिळणाऱ्या आयुर्वेदिक अर्कांत बहुधा टीएचसी आणि सीबीडी दोन्ही असतात. त्यातले प्रमाण विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

• चालू असलेली आकडीची गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. अचानक बंद केल्यास न थांबणारी आकडी येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते.

• इतर औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. सीबीडीबरोबर क्लोबाझामचा परिणाम वाढून मूल फार झोपाळू होते. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर यकृताला इजा होण्याची शक्यता वाढते. रक्त पातळ करणारे वॉरफेरीन किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरचे टॅक्रोलिमस यांची रक्तातली पातळीही वाढू शकते. सुरुवातीला आणि नंतर ठरावीक काळाने यकृताची रक्ततपासणी लागते.

• सीबीडी रिकाम्या पोटी आणि स्निग्ध जेवणानंतर वेगवेगळ्या प्रमाणात शोषले जाते. डॉक्टरांनी सांगितले असेल तर ते रोज सारख्याच पद्धतीने द्या.

• टीएचसी असलेला पदार्थ खाल्ल्यास परिणाम एक-दोन तासांनी सुरू होतो आणि बराच काळ टिकतो. काही होत नाही म्हणून पुन्हा खाणे धोक्याचे. लहान मुलाने भांग, गांजाची गोळी किंवा असे तेल चुकून घेतले आणि ते पेंगू लागले, तर उतरण्याची वाट पाहू नका, ताबडतोब रुग्णालयात न्या. काय आणि किती घेतले ते डॉक्टरांना न लपवता सांगा.

• गर्भवती आणि स्तनदा मातांनी दोन्ही टाळावे. टीएचसी घेतल्यावर वाहन चालवू नये.

• कायदा माहीत असू द्या. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा आणि चरस परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा आहे. भांगेच्या पानांचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. परदेशातील नातेवाइकांकडून तेल मागवण्याआधी चौकशी करा.

मुलाची आकडी दोन योग्य औषधांनीही आटोक्यात येत नसेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. आकड्यांची वही ठेवा : तारीख, वेळ, किती मिनिटे, कशी सुरू झाली. शक्य असल्यास मोबाइलवर चित्रण करा. अपस्माराचा नेमका प्रकार ठरला, तरच सीबीडीचा विचार करायचा की आहारोपचार, शस्त्रक्रिया किंवा दुसरे औषध बरे, हे ठरवता येते. आधीच घरी एखादे तेल देत असाल, तर तेही सांगा. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवलेली माहिती मुलाच्या उपचाराला सर्वांत जास्त बाधते. बाटली सोबत घेऊन या.

सूचना : ही माहिती सर्वसाधारण आहे. ती आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही.